बलुत्याला फ्रेंचमध्ये काय म्हणाल?

दया पवारांचं गाव धामणगाव, तालुका अकोले. १९७८ साली त्यांचं ‘बलुतं’ आलं आणि मराठीत आत्मकथन लिहिण्याची रीतच बदलली. बारा वर्षांनी, १९९० साली, ते फ्रेंचमध्ये गेलं. अनुवादक होते गी पॉइटवाँ. जन्माने फ्रेंच, पण १९७२ पासून पुण्यात राहिलेले आणि पुढे भारताचे नागरिक झालेले. फ्रेंच पुस्तकाचं नाव आहे ‘मा व्ही दँतूशाब्ल’, म्हणजे ‘माझं अस्पृश्याचं आयुष्य’. फ्रेंच वाचकाला नावावरून विषय लगेच कळतो. मात्र मूळ नावातलं धान्य त्यात राहिलं नाही. बलुतं म्हणजे सुगीला खळ्यावर मिळणारा दाण्यांचा वाटा. कोणी पेरलं, कोणी मापून घातलं, कोण घोंगडी पसरून उभा राहिला, हे सगळं त्या एका शब्दात आहे. २०१५ साली जेरी पिंटो यांनी इंग्रजी अनुवाद केला तेव्हा त्यांनी शब्द तसाच ठेवला, ‘बलुता’.

नाव कोणी आणि का बदललं, हा वाद इथे घालायचा नाही. पॉइटवाँना मराठी खेडं किती कळत होतं ते पुढे येईलच. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या दोन मुखपृष्ठांमधल्या जागेत एका माणसाचं आयुष्यभराचं काम पडून आहे. फ्रेंच साहित्य आणि अन्नाचा इतिहास हे दोन्ही एकत्र घेऊन संशोधनाची वाट धरता येईल का, असं विचारणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात. गेल्या काही वर्षांत त्यात संगमनेर, राहुरी, पाथर्डीकडची मुलंमुलीही दिसू लागली आहेत. बहुतेकांच्या मनात पॅरिसचं चित्र असतं. कोणाला प्रूस्तचं मादलेन, चहात बुडवलेला तो छोटा केक, अभ्यासायचा असतो, तर कोणाला फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’मधला लग्नाचा केक. हे विषय गोड आहेत, पण त्यांच्यावर फ्रान्समध्येच शेकडो माणसं बसली आहेत. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. नगर जिल्ह्यातून, आता अहिल्यानगर म्हणतो त्या जिल्ह्यातून, या वाटेला लागायचं असेल तर शिदोरी घरूनच बांधून न्या. ती कशी बांधायची, ते सांगतो.

आधी हा विषय आहे काय ते पाहू. फ्रेंच साहित्य जेवणाने भरलेलं आहे. सोळाव्या शतकातला राबले राक्षसी पंगती मांडतो. बाल्झाकने १८३९ साली चहा, कॉफी, साखर, दारू आणि तंबाखू यांच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. एमिल झोलाची १८७३ ची ‘ल व्हांत्र द पारी’ ही कादंबरी पॅरिसच्या घाऊक बाजारातच घडते. भाज्यांचे ढीग, मासळी, चीज, आणि त्या ढिगांमध्ये उपाशी फिरणारा नायक. ब्रिया-साव्हारँने १८२५ च्या अखेरीस चवीवर ग्रंथ काढला, आणि ‘थ्री मस्केटिअर्स’वाल्या अलेक्सांद्र द्यूमाने तर पाककोश लिहिला, तो त्याच्या मृत्यूनंतर १८७३ साली छापला गेला. विसाव्या शतकात इतिहासकारही या पंगतीला आले. ‘आनाल’ या नियतकालिकाभोवतीच्या मंडळींनी राजे-लढाया बाजूला ठेवून लोक काय खात होते हे विचारायला सुरुवात केली. फेर्नां ब्रोदेलने गहू, तांदूळ आणि मका यांच्यावरून संस्कृतींचे स्वभाव मांडले. रोलाँ बार्तने १९६१ साली अन्न हे खुणांची भाषा असल्यासारखं वाचून दाखवलं. १९९६ साली फ्लांद्रँ आणि मोंतानारी यांनी संपादित केलेला अन्नेतिहासाचा जाडजूड ग्रंथ आला. आज तूर शहरातलं विद्यापीठ आणि तिथली अन्न-इतिहासाची युरोपीय संस्था हे या विषयाचं ठळक केंद्र आहे.

आपल्याकडेही ही परंपरा कोरडी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी हस्तलिखितं चाळून जिलबीचा, भुईमुगाचा आणि असल्या कितीतरी रोजच्या पदार्थांचा माग काढला. त्यांचं लेखन आजही पद्धतीचा नमुना म्हणून वाचावं. एका पदार्थाचा जुन्यात जुना उल्लेख कुठे, तो ग्रंथ कधीचा, प्रत कोणी केली, असं पायरी-पायरीने ते जातात आणि पुराव्यापलीकडे पाऊल टाकत नाहीत. तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने सतराव्या शतकात रघुनाथ पंडितांनी लिहिलेलं ‘भोजनकुतूहल’ त्यांनीच चर्चेत आणलं. मुंबईत मोहसिना मुकादम यांनी इतिहासाच्या प्राध्यापक असतानाच खाद्येतिहासात काम केलं. पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर ‘इजन्ट धिस प्लेट इंडियन?’ ही पुस्तिका काढली, तिचं बरंचसं काम विद्यार्थ्यांनी केलं होतं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ चं. ही दोन पुस्तकं वाचल्याशिवाय मराठी अन्नाच्या इतिहासावर एक ओळही लिहू नका, असं मी प्रत्येकाला बजावतो.

आता गी पॉइटवाँकडे परत येऊ. फ्रेंच आणि मराठी अन्न यांची गाठ आपल्या भागात खरोखर कोणी मारली असेल, तर त्यांनी आणि हेमा राईरकर यांनी. दोघांनी मिळून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ बर्नार बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह उभारला, आणि २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या. ओवी म्हणजे दळणाची सोबत. पहाटेच्या दळणाला बसलेली बाई पिठाबरोबर काय काय मोकळं करत होती, हे त्यात ऐकू येतं. एरवी लोकगीत म्हणून वाचलं जाणारं हे साहित्य अन्नाच्या कामाची नोंद म्हणून वाचा. कोणतं धान्य, कोणासाठी दळलं, किती पायल्या, पाहुणा आला तर काय झालं. या दोघांनी फ्रेंचमध्येही लिहिलं. म्हणजे ओव्या मराठीत, विश्लेषण फ्रेंचमध्ये आणि विषय जातं, असा साठा तयार आहे. ज्याला दोन्ही भाषा सरावाने वाचता येतात असा संशोधकच कमी आहे. पदव्युत्तर प्रबंधाला विषय शोधत असाल तर पहिला मुक्काम इथे करा.

भाषा किती लागते? नुसती बोलण्यापुरती चालत नाही. फ्रेंचची पातळी ए१ पासून सी२ पर्यंत मोजतात. देल्फच्या परीक्षा बी२ पर्यंत आणि दाल्फच्या त्यापुढे, आणि प्रमाणपत्र एकदा मिळालं की कायमचं. फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून शिकायला साधारण बी२ लागते, साहित्यासाठी अनेक ठिकाणी सी१ मागतात. शून्यापासून बी२ पर्यंत यायला शिकवणीचे पाचशे-सहाशे तास धरा, घरचा अभ्यास वेगळा. नोकरी वा पदवी सांभाळून तीन-साडेतीन वर्षं. म्हणून बी. ए.च्या पहिल्या वर्षालाच सुरुवात करावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. तिथे प्रमाणपत्रापासून एम. ए. पर्यंत फ्रेंच शिकता येते. आलियाँस फ्राँसेजच्या वर्गांना आता घरबसल्या बसता येतं. जामखेडच्या मुलीला पुण्यात खोली घेणं परवडलंच पाहिजे, अशी सक्ती आता राहिलेली नाही. फक्त आठवड्यातून एकदा तरी कोणाशी तोंडाने बोलायची सोय करा. नुसत्या पडद्यावर शिकलेली फ्रेंच कानाला पक्की होत नाही.

इथे एक अनुभव. माझ्या वर्गात एकदा ‘कोरड्यास’ या शब्दाचा फ्रेंच अनुवाद करायचा होता. भाकरीबरोबर खायला जे काही असतं ते, मग पातळ असो वा सुकं. कोणी भाजी लिहिलं, कोणी सॉस, कोणी सूप. एकही बसेना. आजच्या फ्रेंच कोशात शब्द नाहीच, असं ठरवून मी तो नाद सोडला होता. पुढे मध्ययुगीन खाण्यापिण्यावरचं एक पुस्तक वाचताना शब्द समोर आला, ‘कोंपानाज’. पावाबरोबर जे खायचं ते. आपलं कोरड्यास, हुबेहूब. गरीब माणसाच्या जेवणात पाव हाच मुख्य आणि बाकी सगळं त्याला लावायला, हे मध्ययुगीन फ्रान्सला माहीत होतं. सुबत्ता आली, पाव ताटाच्या कडेला सरकला आणि शब्द मेला. ‘सूप’ या शब्दाचंही तसंच. मुळात तो वाडग्यातल्या रश्शाचा नव्हे, रश्शात भिजवलेल्या पावाच्या तुकड्याचा शब्द. काल्यातली भाकरी खाल्लेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शेंगोळे, माडगं, हुरडा, मासवडी हे ज्याच्या जिभेवर आहे त्याला जुन्या फ्रेंच शेतकऱ्याच्या जेवणातलं पुष्कळसं आतून कळतं. पॅरिसच्या विद्यार्थ्याला ते तळटीप वाचून समजून घ्यावं लागतं. तुमचं भांडवल म्हणतो ते हे.

पदवीचा प्रश्न मात्र डोकं थंड ठेवून सोडवायला हवा. भारतात ‘अन्न-इतिहास’ या नावाने प्राध्यापकाची जागा निघत नाही. जाहिरात निघते ती फ्रेंचची किंवा इतिहासाची. साहाय्यक प्राध्यापकासाठी त्या विषयात ५५ टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट किंवा पीएच. डी. लागते. म्हणजे कागदावर तुम्ही एकाच विषयाचे असायला हवं, मनाने आणि वाचनाने दोन्हींचे. दोन्ही कागद अर्धवट असलेली हुशार मुलं मुलाखतीत अडकताना मी पाहिली आहेत. ‘तुमचा विषय नेमका कोणता?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं, पण अर्जाच्या रकान्यात बसणारं नव्हतं.

माझं मत विचाराल तर एम. ए. फ्रेंचमध्ये करा आणि इतिहासाची पद्धत पीएच. डी.त मिळवा. कारण सरळ आहे. इतिहासाची पद्धत तिशीतही शिकता येते, पण साहित्य वाचण्याइतकी भाषा तिशीत कमावणं फार जड जातं. शिवाय फ्रेंच येत असेल तर पोट भरतं. पुण्यात भाषांतर, शिकवणी, कंपन्यांतली कागदपत्रं, शाळांमधली फ्रेंच शिक्षकांची गरज, यावर संशोधनाच्या काळात घर चालवणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. एम. ए. साठी पुणे आणि मुंबई विद्यापीठांबरोबर हैदराबादचं इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि पुदुच्चेरी विद्यापीठ यांचा विचार करा. पुदुच्चेरीत १९५५ पासून फ्रेंच संशोधन संस्थाही आहे. नेटमध्ये फ्रेंच हा स्वतंत्र विषय आहे. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि तेवढ्यात घरी हात न पसरता संशोधन होतं.

ज्यांचं इतिहासात बी. ए. झालं आहे त्यांनी निराश होऊ नये. इतिहासाचं एम. ए. करून फ्रेंच बी२ पर्यंत नेलेला माणूसही या क्षेत्रात दुर्मीळच असतो. फक्त त्याने साहित्याचं विश्लेषण करण्याचा आव आणू नये. प्रवासवर्णनं, पत्रं, व्यापाराचे कागद हे त्याचं क्षेत्र.

त्या प्रवासवर्णनांबद्दल थोडं सविस्तर. सतराव्या शतकात फ्रेंच माणसं आपल्या मुलखात सारखी येत होती. बर्निए, तावेर्निए आणि तेव्हनो ही नावं प्रसिद्ध आहेत. तेव्हनो १६६६-६७ मध्ये सुरतेहून औरंगाबादमार्गे गोवळकोंड्याकडे गेला. आबे कारे १६७० च्या दशकात दख्खनमधून फिरला आणि शिवाजी महाराजांबद्दल लिहून गेला. व्हिक्तोर जाकमाँ हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ १८३२ साली पुण्यात होता. त्याच वर्षी ७ डिसेंबरला मुंबईत वारला. त्याची पत्रं दुसऱ्याच वर्षी फ्रान्समध्ये छापली गेली आणि साहित्य म्हणून वाचली गेली. यातलं बहुतेक सगळं फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर फुकट आहे. म्हणजे कोपरगावात बसून तुम्ही सतराव्या शतकातली छापील पानं जशीच्या तशी वाचू शकता. माझ्या शिक्षकांना यासाठी पॅरिसची तिकिटं काढावी लागली होती.

पण वाचताना सावध राहा. बर्निएने १ जुलै १६६३ च्या पत्रात दिल्लीच्या बाजारातली फळं, मांस आणि भटारखाने यांचं लांबलचक वर्णन केलं आहे, आणि ते वर्णन करताना त्याच्या डोळ्यांपुढे पॅरिसचा बाजार आहे. मिळालं काय यापेक्षा मिळालं नाही काय, हे तो जास्त सांगतो. प्रवासी स्वतःचं ताट बरोबर घेऊन फिरतो. म्हणून त्याच्या शेजारी इथला कागद ठेवायचा. तो कागद मोडीत असतो.

होय, मोडी शिकायची. राज्य पुराभिलेखागार आणि पुण्यातल्या काही संस्था मोडीचे वर्ग घेतात. लिपी महिन्याभरात ओळखू येते, पण वळणं वाचायला वर्ष जातं. पुण्याच्या पेशवे दप्तरात मुदपाकाचे, कोठीचे, लग्नाच्या खर्चाचे कागद आहेत. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातही मोडी कागद सांभाळलेले आहेत. त्याशिवाय १८८४ चं अहमदनगर जिल्ह्याचं गॅझेटियर आहे. इंग्रजांनी आपल्या कारभारासाठी लिहिलं, पण कोणती जात काय खाते, ज्वारी-बाजरीचा भाव काय, १८७६-७७ च्या दुष्काळात काय झालं, हे त्यात सापडतं. अमेरिकन मराठी मिशनचं ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरातच सुरू झालं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा मोठा भाग नगर-राहुरीत घडतो, आणि त्यात सोवळं सुटतं ते पाण्याच्या तांब्यापाशी आणि ताटापाशी. या पुस्तकाचा अन्नाच्या अंगाने पुरेसा अभ्यास झालेला नाही असं मला फार वाटतं. मौलाना आझादांनी नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना लिहिलेल्या ‘गुबार-ए-खातिर’मध्ये चहावरचं पत्र आहे. कैदेत पहाटे उठून स्वतः चहा करून पिणाऱ्या माणसाचं ते लेखन बाल्झाकच्या कॉफीवरच्या पानांशेजारी ठेवून वाचा. दोन प्रबंध तिथेच मिळतील.

तरीही मला एकच विषय निवडायला सांगितला तर मी साखर निवडेन.

कारण आपला जिल्हा साखरेचा. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कालवे आले, ऊस आला. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना सहकाराच्याही आधीचा. १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं. ही सारी हकिगत तुम्हाला पाठ असेल. आता दुसरं टोक बघा. १७५९ साली व्हॉल्तेअरची ‘कांदीद’ आली. तिच्या एकोणिसाव्या प्रकरणात नायकाला सुरिनाममध्ये रस्त्यात एक गुलाम भेटतो. एक हात नाही, एक पाय नाही. साखरेच्या घाण्यात बोट गेलं की हात तोडतात, पळून जायला लागलं की पाय तोडतात, आणि युरोपात तुम्ही साखर खाता ती याच किमतीत, असं तो सांगतो. फ्रेंच साहित्यातलं हे साखरेबद्दलचं सगळ्यात जळजळीत पान. त्यानंतर बर्नार्दँ द सँ-प्येर मॉरिशसच्या, तेव्हाच्या ‘ईल द फ्रान्स’च्या, १७७३ साली छापलेल्या प्रवासवर्णनात कॉफी आणि साखरेने जगाचे दोन भाग कसे दुःखी केले ते मांडतो.

मॉरिशसचं नाव आलं की मराठी माणसाने कान टवकारावेत. १८१० साली इंग्रजांनी ते बेट घेतलं, पण भाषा आणि कायदा बराचसा फ्रेंच राहिला. गुलामगिरी बंद होताना, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारी मजूर नेले गेले. पुढच्या नव्वद वर्षांत सुमारे साडेचार लाख. त्यातले काही मुंबई बंदरातून गेले, विशेषतः कोकणातले मराठी लोक. त्यांचे वंशज आज मराठी आडनावं, गणेशोत्सवाची सार्वजनिक सुट्टी आणि तोंडात क्रिओल-फ्रेंच घेऊन तिथे नांदतात. तिथल्या रस्त्यावर मिळणारा ‘गातो पिमाँ’ हा नावाने फ्रेंच केक आणि जिन्नसाने आपला डाळवडा. फ्रेंच कोशात ‘आशार’ हा शब्द आहे, तो आपल्या अचाराचाच. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत करारी मजुरांच्या नोंदवह्या आहेत, आणि त्याच संस्थेत मराठीही शिकवतात. साहित्याच्या बाजूने नताशा आपाना यांची २००३ ची ‘ले रोशे द पूद्र दोर’ ही कादंबरी आहे, करारी मजुरांच्याच प्रवासावर.

ऊससुद्धा याच वाटेने फिरला. ताहितीचा जाड ऊस फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिलच्या जगप्रवासानंतर मॉरिशसला पोचला असं मानतात, आणि १८२७ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने तो मॉरिशसहून जबलपूरला आणला. बूगँव्हिलच्या त्याच प्रवासवर्णनाला दिदरोने ‘पुरवणी’ जोडली आणि ती आज फ्रेंच अभ्यासक्रमात असते. वर्गात दिदरो शिकवताना उसाबद्दल सहसा कोणी बोलत नाही. तुम्ही बोलू शकता.

आणि आता घराकडे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर जातात. उसाची बागायत एकीकडे आणि तो तोडणारे हात दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. फ्रेंचमध्ये करारी मजुरीला ‘आंगाजिझम’ म्हणतात. तिथेही आधी आगाऊ पैसे, मग फेडेपर्यंत सुटका नाही. दोन गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही घाईने म्हणू नका. एकीकडे समुद्र होता, सरकारी करार होता, वर्षांची मुदत होती. इथे हंगाम आहे आणि तोंडी व्यवहार. पण साखरेला नेहमी दुरून आणलेले, उचल घेतलेले हातच का लागतात, हा प्रश्न ‘कांदीद’ वाचलेल्या आणि तळावरची चूल पाहिलेल्या माणसानेच विचारायचा आहे. खोपीतल्या बाया पहाटे तीनला काय रांधतात, कोणतं पीठ बरोबर नेतात, भाजी कुठून मिळते, हे कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेलं नाही.

ते लिहिण्यासाठी मुलाखती घ्याव्या लागतील. त्याची शिस्त आहे. आधी परवानगी, आवाज नोंदवतो आहोत हे स्पष्ट सांगणं, नाव छापायचं की नाही ते त्यांनी ठरवणं. ‘पूर्वी काय खायचात?’ असा प्रश्न विचारलात की सणाचं जेवण सांगतात, गरिबी झाकायला. ‘काल रात्री काय होतं?’ विचारा. ‘पाऊस पडला नाही त्या साली काय होतं?’ विचारा. विचारताना चुलीपाशी बसा, काही निवडायला-सोलायला हातात घ्या, उत्तरं वेगळी मिळतात. तिथल्या तिथे शब्द लिहून घ्या, प्रमाण मराठीत सुधारू नका. गुऱ्हाळावर गेलात तर गुळव्याकडून आदण, चुलवाण, काकवी, मळी यांचे नेमके अर्थ घ्या. झोलाने बाजारात वही घेऊन हेच केलं होतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. त्यांनी गावरान बियाणं राखलं, आणि बियाण्याबरोबर त्याची नावं आणि चवी राखल्या. अशा ज्ञानी माणसांपुढे विद्यार्थी म्हणून जायचं. माहिती गोळा करून पसार व्हायचं नाही. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं.

परदेशी शिक्षणाच्या पैशांबद्दल थोडक्यात. फ्रान्समध्ये सरकारी विद्यापीठांची फी कमी असते. २०१९ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी वर्षाला ३,७७० युरोंचा वाढीव दर लावला गेला, पण अनेक विद्यापीठं त्यात सूट देतात, आणि डॉक्टरेटला तो दर लागू नाही. तिथे ‘कोंत्रा दोक्तोराल’ म्हणून तीन वर्षांचा पगारी करार असतो, त्यासाठी स्पर्धा करावी लागते. फ्रेंच सरकारच्या शार्पाक आणि आयफेल शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती मिळू शकते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत मात्र २०२२ साली बदल झाला, आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. आपला विषय नेमका त्यात सापडतो. म्हणून ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची नियमावली शब्दन् शब्द वाचा, आणि गरज पडली तर विषयाची मांडणी फ्रेंच आणि फ्रँकोफोन साहित्याच्या बाजूने करा. यात खोटं काहीच नाही. मॉरिशसची कादंबरी हा फ्रेंच साहित्याचाच विषय आहे.

पालकांना एक सांगायचं आहे. हा रस्ता लांब आहे. बारावीपासून धरलं तर कायम नोकरीपर्यंत बारा-पंधरा वर्षं सहज जातात, आणि कायम नोकरीची हमी कोणी देऊ शकत नाही. मुलीला तिसाव्या वर्षी ‘अजून शिकतेच आहे’ म्हणून घालूनपाडून बोलू नका. त्याच वेळी मुलांनीही घरच्यांवर सगळा भार टाकू नये. बी२ झाली की शिकवण्या घ्यायला लागा.

शेवटी मार्गदर्शक कसा मिळवायचा. नुसतं ‘मला अन्न-इतिहासात रस आहे’ असं लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही. पत्र एक पानाचं असावं आणि सोबत तुमच्या कामाची दोन पानं. फ्रेंच कादंबरीतला एक उतारा घ्या, झोलाचा किंवा आपाना यांचा. त्यातल्या एका पदार्थाचा किंवा शब्दाचा माग काढा. मग तुमच्या गावातला त्याच्या जवळचा शब्द घ्या, तो कोणी कधी वापरला ते मुलाखतीतून किंवा मोडी कागदातून दाखवा, आणि दोन्हींत फरक कुठे पडतो ते लिहा. ज्यांना पत्र लिहिताय त्यांचा एक तरी लेख वाचलेला असावा आणि तो वाचून पडलेली एक खरी शंका पत्रात असावी. फ्रेंचमध्ये लिहा, चुका राहिल्या तरी चालतील.

विषय सुचत नसेल तर ‘बलुतं’ आणि त्याचा फ्रेंच अनुवाद शेजारी-शेजारी ठेवून बसा. भाकरी, कण्या, शिळं, वाटा, असे अन्नाचे शब्द जिथे जिथे येतात तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि समोरच्या पानावर त्याचं काय झालं ते वहीत लिहा. पन्नास खुणा झाल्या की मला दाखवायला आणा.